वेग कीं सांठा ?

मुंबईंत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडलें म्हणजे थोड्याच अंतरावर जो हमरस्ता लागतो, त्यास पालिकेच्या दप्तरीं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव असलें, तरी लोकांच्या तोंडीं तो अद्यापि लॅमिंग्टन रोडच आहे. इ. स. १९०३ पासून १९०७ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें तें नांव. हा रस्ता प्रथम चित्रपटगृहांसाठीं प्रसिद्धीस आला. पुढें रेडिओचे सुटे भाग विकणारांनीं तो गजबजला. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाची बाजारपेठ म्हणून त्याची ख्याति झाली. गिरगांवांतील मुद्रक, दादरचा विद्यार्थी, परळचा हिशेबनीस, लालबागचा छायाचित्रकार, ज्याला ज्याला संगणकाचा एखादा भाग हवा असेल तो या रस्त्याची वाट धरी.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या बाजारांत मांडीवरच्या संगणकासाठीं, म्हणजे लॅपटॉपसाठीं, हार्ड डिस्क घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार दोन प्रश्न विचारी. किती जीबीची हवी ? आणि किती आरपीएमची ? पहिला प्रश्न सांठ्याचा, दुसरा वेगाचा. हे दोन्ही गुण एकाच डबींत, आणि तेही खिशाला परवडेल अशा भावांत, क्वचितच एकत्र मिळत. मेजावरच्या मोठ्या संगणकांत दोन डिस्क बसविण्यास जागा असे. तेथें गिऱ्हाइकाची अडचण एवढी बिकट नव्हती. लॅपटॉपच्या पोटांत मात्र बहुधा एकाच डिस्कची सोय. तेव्हां एक गुण घेतला कीं दुसऱ्यावर थोडेंफार पाणी सोडावें लागे. ही निवड वरवर पाहतां किरकोळ खरेदीची बाब वाटेल. परंतु तिच्यामागें बराच जुना इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावांचून तिचा उलगडा होत नाहीं.

मराठींत 'तबकडी' हा शब्द रूढ झाला तो ग्रामोफोनमुळें. आणि वेग व सांठा यांची ओढाताणही ग्रामोफोनच्या तबकडीपासूनच आपल्या परिचयाची आहे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. मैफलींत तासभर रंगणारा ख्याल गवयाला त्या तीन मिनिटांत आंवळून बसवावा लागे. इ. स. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी व अति बारीक खाचांची तबकडी बाजारांत आणली. फेरे निम्म्याहून कमी झाले, खाचा दाट झाल्या, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. संगणकाच्या तबकडीचें शास्त्र निराळें आहे. पण फेऱ्यांची संख्या आणि खुणांची दाटी हीं दोन प्रमाणें तिलाही तशींच लागू पडतात, हें पुढें दिसून येईल.

मुंबईंत संगणकाच्या सांठ्याचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो बाजारांत नव्हे, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तेथील तरुण अभियंत्यांनीं देशांतच एक मोठा संगणक बांधण्यास घेतला. तो इ. स. १९६० सालीं पूर्ण झाला आणि १९६२ मध्यें त्यास टिफ्रॅक हें नांव मिळालें. त्याची स्मृति फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती. तींत २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. हिशेब केल्यास ही सारी स्मृति आजच्या भाषेंत अवघी दहा किलोबाइट भरते. देवनागरीचें एक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीनें लिहावयास तीन बाइट लागतात. म्हणजे एखाद्या मासिकाचीं दीड-दोन पानें त्या स्मृतींत मावलीं असतीं, अधिक नाहीं.

परंतु ती लहान असली तरी चपळ होती. कोणताही शब्द मागावा, तो सारख्याच अल्प वेळांत हजर होई. तिचा दोष असा कीं, अशा कड्या तारांत एकेक करून ओंवाव्या लागत. त्यामुळें ती महाग, आणि महाग म्हणून तोकडी. याच्या उलट प्रकार चुंबकीय फितीचा. इ. स. १९६४ सालीं याच संस्थेंत सी.डी.सी. ३६०० हा मोठा परदेशी संगणक आला, त्याच्यासोबत अशा फिती होत्या. फितीवर अफाट मजकूर स्वस्तांत मावतो. पण शेवटच्या टोकाची नोंद हवी असेल तर सारी फीत उलगडत न्यावी लागते. अशा रीतीनें थोडें पण तत्काळ, आणि पुष्कळ पण सावकाश, असे दोन सांठे एकाच यंत्राच्या सेवेस ठेवण्याची रीत पडली. पुढील साठ वर्षांचा इतिहास म्हणजे याच रीतीचा विस्तार होय.

या दोन टोकांच्या मधली वस्तु म्हणजे फिरती चुंबकीय तबकडी. ती अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत तयार झाली आणि इ. स. १९५६ सालीं बाजारांत आली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका आंसावर बसवून त्या मिनिटास १२०० फेऱ्यांनीं फिरवीत. एक दांडा वरखालीं सरकून हव्या त्या तबकडीशीं जाई आणि तिच्यावरील खुणा वाची. एवढ्या अवजड यंत्रांत पन्नास लक्ष अक्षरें मावत. फितीप्रमाणें सारें उलगडण्याची गरज येथें राहिली नाहीं, हा मोठाच लाभ होता. तरी हवी ती नोंद सांपडण्यास सरासरीनें अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे.

हा वेळ कशांत जातो हें ध्यानीं घेतलें म्हणजे दुकानदाराच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ कळतो. तबकडीवर वर्तुळाकार मार्ग आंखलेले असतात. हव्या त्या मार्गावर वाचणारें टोंक नेऊन ठेवावयाचें, हा पहिला विलंब. नंतर त्या मार्गावरील हवी ती खूण फिरत फिरत टोंकाखालीं येईपर्यंत थांबावयाचें, हा दुसरा. नशीब चांगलें असेल तर खूण लगेच येते, वाईट असेल तर पूर्ण फेरा वाट पाहावी लागते. सरासरीनें अर्धा फेरा. मिनिटास ४२०० फेरे असतील तर हा अर्धा फेरा सुमारें ७.१ मिलिसेकंदांचा होतो. ५४०० असतील तर ५.६; आणि ७२०० असतील तर ४.२. हजारांश सेकंदाच्या या फरकाचें काय घेऊन बसावें, असें कोणास वाटेल. पण संगणक चालूं होतांना त्याला ठिकठिकाणीं विखुरलेले हजारों लहान तुकडे गोळा करावे लागतात. असे दहा हजार तुकडे आहेत असें धरलें, तर ४२०० आणि ७२०० यांमधील अंतर केवळ अर्ध्या फेऱ्याच्या हिशेबानेंच तीस सेकंदांचें पडतें. यंत्र सुरूं करून खोळंबून बसणाऱ्या मनुष्यास तीस सेकंद कांहीं थोडे नव्हत.

तबकडी लहान होत गेली तशी ती घरांत आली. इ. स. १९८० सालीं सव्वापांच इंची तबकडीची पांच मेगाबाइटची पेटी निघाली. १९८८ मध्यें अडीच इंची तबकडी अवतरली आणि तिच्यामुळें लॅपटॉपला खरा सांठा लाभला. मोठ्या यंत्रांच्या तबकड्या १९९२ सालींच मिनिटास ७२०० फेरे घेऊं लागल्या होत्या. परंतु अडीच इंची तबकडीला तो वेग गांठण्यास २००३ साल उजाडावें लागलें. याचें कारण उघड आहे. अधिक फेरे म्हणजे अधिक वीज, अधिक उष्णता आणि अधिक आवाज. आणि लॅपटॉप तर बॅटरीवर चालणारा, बंद डब्यासारखा, मांडीवर घेऊन बसण्याचा. त्या वर्षीं हिताची कंपनीची ७२०० फेऱ्यांची जी पहिली अडीच इंची डिस्क आली, तिचा सांठा ६० जीबी होता. त्याच सुमारास ४२०० फेऱ्यांची त्याच आकाराची डिस्क ८० जीबीची मिळे. वेग कीं सांठा, हा प्रश्न इतक्या स्पष्ट आंकड्यांनीं क्वचितच कोणापुढें उभा राहिला असेल.

या निवडींत कांहीं सापळेही होते. पहिला सापळा मोजमापाचा. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. संगणकाची प्रचलित प्रणाली मात्र १०२४ च्या पटीनें मोजते. म्हणून ८० जीबीची डिस्क यंत्रांत बसवल्यावर ७४.५ दिसे आणि ५०० जीबीची सुमारें ४६५. आपणांस मापांत मारलें अशा समजुतीनें पुष्कळ गिऱ्हाइकें दुकानीं परत येत; वस्तुतः तेथें लबाडी नसून दोन मापांची गल्लत असे. दुसरा सापळा जाडीचा. इ. स. २००९ मध्यें एक हजार जीबीची अडीच इंची डिस्क निघाली खरी, पण तिची जाडी साडेबारा मिलिमीटर होती, आणि बहुतेक लॅपटॉपांचा कप्पा साडेनऊ मिलिमीटरचा. एवढा मोठा सांठा हातीं असूनही तो यंत्रांत शिरत नसे. जोडणीचा प्रकार जुना कीं नवा, हेंही अगोदर पाहून घ्यावें लागे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. केवळ फेऱ्यांवरून वेग ठरत नाहीं. आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग या शास्त्रज्ञांनीं १९८८ च्या सुमारास चुंबकत्वाचा जो एक गुणधर्म शोधून काढला, त्याच्या आधारें अत्यंत सूक्ष्म खुणाही वाचतां येऊं लागल्या आणि तबकडीवरील दाटी झपाट्यानें वाढली. याबद्दल त्यांस २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दाटी वाढली म्हणजे एका फेऱ्यांत अधिक मजकूर टोंकाखालून जातो. त्यामुळें ५४०० फेऱ्यांची नवी दाट तबकडी ७२०० च्या जुन्या विरळ तबकडीस सलग वाचनांत मागें टाकूं शके. मात्र हा लाभ सलग मजकुरापुरताच. विखुरलेले तुकडे शोधतांना अर्ध्या फेऱ्याचा नियम चुकत नाहीं. तेथें फेरेच कामास येतात.

यावरून निवडीचें सूत्र हातीं येतें, आणि तें यंत्राच्या गुणांत नसून मालकाच्या कामांत आहे. लालबागेंत गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत हजारों छायाचित्रें टिपणाऱ्यास, किंवा जुन्या मैफलींचीं ध्वनिमुद्रणें जमविणाऱ्या दादरच्या रसिकास, सांठा हवा. त्याच्या फायली मोठ्या व सलग असतात, आणि एकदां उघडल्या कीं शांतपणें चालतात. उलट परळच्या कचेरींत दिवसभर दहा प्रकारच्या लहान नोंदी उघडणाऱ्यास, किंवा अक्षरजुळणीसाठीं अनेक फाँट व चित्रें एकाच वेळीं हाताळणाऱ्या गिरगांवच्या मुद्रकास, वेगच हवा. दोघांनीं परस्परांची डिस्क घेतली तर दोघेही फसतात. पहिल्याची जागा वर्षाच्या आंत संपते आणि दुसऱ्याचा दिवस वाट पाहण्यांत जातो. पगारांतून पैसे बाजूस टाकून एकदांच खरेदी करणाऱ्या कुटुंबाला ही चूक दोन-तीन वर्षें भोगावी लागे.

गिरगांवच्या मुद्रकाचें उदाहरण आणखी एका दृष्टीनें बोधप्रद आहे. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्यानें काळबादेवी-गिरगांवच्या परिसरांत देवनागरी मुद्रणाची कीर्ति वाढविली. देवनागरीस जोडाक्षरांसकट शेंकडों निरनिराळे खिळे लागतात. ते सारे जुळाऱ्याच्या हाताशीं एकदम ठेवणें अशक्य. म्हणून जें अक्षर वारंवार लागतें त्याचा खण मोठा आणि हाताजवळ. जें क्वचित् लागतें त्याचा खण लहान आणि दूर, अशी खणांची मांडणी छापखान्यांतून असे. जुळाऱ्याचा हात वेगवान करण्याऐवजीं येथें खिळ्यांची जागाच विचारपूर्वक ठरविली होती. वेग व सांठा यांचा तंटा मिटविण्याची ही जुनी युक्ति संगणकालाही शेवटीं उपयोगीं पडली.

तिला निमित्त झालें तें न फिरणाऱ्या सांठ्याचें. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. हींत तबकडी नाहीं, आंस नाहीं, फेराही नाहीं. म्हणून अर्ध्या फेऱ्याचा विलंबही नाहीं. कोठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागांत किंवा त्याहूनही लवकर हातीं येतो. हिच्यापासून तयार झालेल्या सांठ्याला बाजारांत एसएसडी म्हणतात. पण आरंभीं तिचा भाव फार होता. जानेवारी २००८ मध्यें ॲपल कंपनीनें आपला पातळ लॅपटॉप जाहीर केला, तेव्हां गिऱ्हाइकापुढें दोन पर्याय होते : ४२०० फेऱ्यांची ८० जीबीची तबकडी, अथवा ६४ जीबीची एसएसडी; आणि या दुसऱ्या, लहान सांठ्यासाठीं ९९९ डॉलर अधिक मोजावे लागत. कमी जागेस अधिक दाम, तो केवळ वेगापायीं.

इ. स. २०१० मध्यें सीगेट कंपनीनें ५०० जीबीच्या फिरत्या तबकडीच्या पेटींतच चार जीबी फ्लॅश स्मृति बसविली. वारंवार लागणारा मजकूर ती आपोआप हेरून या लहान पण चपळ भागांत ठेवी. बाकीचा तबकडीवर राही. जुळाऱ्याच्या खणांची मांडणीच ती ! लॅमिंग्टन रोडवरील कारागिरांनीं तर याहून सोपा मार्ग रूढ केला. लॅपटॉपमधील सीडी वाचणारा भाग काढून टाकावयाचा, त्या जागीं एका चौकटींत जुनी तबकडी बसवावयाची, आणि मूळ जागीं लहानशी एसएसडी. यंत्राची प्रणाली व रोजचीं कामें एसएसडीवर. छायाचित्रें, गाणीं, जुने कागद तबकडीवर. वाण्याच्या दुकानांत रोजचा माल गल्ल्याजवळ आणि पोतीं मागील वखारींत असतात, तशीच ही व्यवस्था. थोड्या पैशांत जुन्या यंत्रास नवें आयुष्य मिळालें, आणि कित्येक विद्यार्थ्यांचीं शेवटचीं वर्षें त्यावर निभावलीं. सीगेटनें २०१३ मध्यें लॅपटॉपसाठींच्या ७२०० फेऱ्यांच्या तबकड्यांचें उत्पादन थांबविण्याचें जाहीर केलें, यांत नवल नाहीं. वेग हवा असणारा गिऱ्हाईक तोंवर एसएसडीकडे वळूं लागला होता.

वेग आणि सांठा यांच्या या हिशेबांत एक तिसरी बाजू पुष्कळदां विसरली जाते, आणि तिची आठवण पाण्यानें दोनदां करून दिली. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. मुंबईच्या सखल भागांतील तळमजल्यांत पाणी शिरलें आणि तेथील संगणक बुडाले. फिरत्या तबकडीच्या पेटीला हवेचा दाब सांवरण्यासाठीं एक सूक्ष्म छिद्र ठेवलेलें असतें. बुडाल्यावर त्यांतून पाणी आंत जातें. मग ती डिस्क ४२०० ची होती कीं ७२०० ची, याला कांहीं अर्थ उरत नाहीं. दुसरें पाणी आलें तें दूर थायलंडांत, २०११ च्या पुरांत. तेथील डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर तबकड्यांचे भाव भडकले; मुंबईच्या बाजारासही त्याची झळ पोहोंचली. जो सांठा स्वस्त म्हणून गृहीत धरला होता, तो एका नदीच्या पुरानें महाग झाला.

पाण्यावांचूनही धोका असतोच. वाचणारें टोंक तबकडीपासून इतक्या सूक्ष्म अंतरावर तरंगत असतें कीं, यंत्र चालूं असतां बसलेला एखादा धक्का तिला कायमची जखम करूं शकतो. लोकलच्या गर्दींतून चालूं लॅपटॉप नेणें म्हणूनच घातक. एसएसडीस हलणारे भाग नाहींत, त्यामुळें धक्क्याचें भय कमी. परंतु तिच्या पेशींवर खोडून पुन्हां लिहिण्यास मर्यादा असते, आणि ती बिघडते तेव्हां बहुधा पूर्वसूचना देत नाहीं. सांठा जेवढा मोठा, तेवढी एका अपघातांत होणारी हानिही मोठी. लग्नाचीं छायाचित्रें, दिवंगत वडिलांचा आवाज, दुकानाचें दहा वर्षांचें खातें, हीं सारीं एकाच डबींत ठेवणारा मनुष्य पांचशें जीबीची निवड करीत नसतो. तो पांचशें जीबीची जोखीम पत्करीत असतो.

म्हणून जुन्या सावकाश तबकडीचा निरोप घेण्याची घाई करूं नये. आज लॅपटॉपांतून एसएसडीनेंच बहुतेक जागा घेतली आहे आणि रोजच्या कामास तीच योग्य आहे. तरी सारख्या सांठ्याला फिरती तबकडी अजून स्वस्त पडते; बाहेरच्या पेटींत घालून, आठवड्यांतून एकदां सर्व मजकुराची प्रत तिच्यावर उतरवून, ती यंत्रापासून दूर आणि शक्य तर वरच्या मजल्यावर ठेवावी. तिला तेथें वेगाची गरज नाहीं. दुकानीं जातांना मात्र तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्या : आपल्या फायली मोठ्या व सलग आहेत कीं लहान व विखुरलेल्या, सध्यांचा सांठा किती भरला आहे आणि वर्षाला कितीनें वाढतो, आणि दुसरी प्रत कोठें राहणार. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानें वेग ठरतो, दुसऱ्याच्या उत्तरानें सांठा. तिसऱ्याचें उत्तर नसेल तर पहिल्या दोहोंतून थोडे पैसे कमी करून तें आधीं मिळवावें.